विधिलिखित आणि जनुकांचा हुकूम

मूल जन्मल्यानंतर पाचव्या किंवा सहाव्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत पाट मांडावा, त्यावर कोरा कागद, दौत आणि लेखणी ठेवून सटवाईची पूजा करावी, आणि त्या रात्री केव्हातरी ती देवी येऊन अर्भकाच्या कपाळावर त्याचा सारा जन्म लिहून जाते असे मानावे, ही चाल महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. एकदा लिहिलेला तो लेख कोणालाही पुसता येत नाही, अशी त्या श्रद्धेची पुस्ती आहे. शिकल्यासवरलेल्या माणसांनी ह्या चालीकडे पाहून हसावे असा आता प्रघात पडला आहे. परंतु ज्या प्रश्नातून ही चाल निघाली तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपण जे होतो ते आरंभीच कोठे तरी ठरलेले असते, की होता होता ठरत जाते? ठरलेले असेल, तर प्रयत्नाला, पश्चात्तापाला, प्रार्थनेला आणि औषधपाण्याला काय अर्थ उरतो? आणि मुळीच ठरलेले नसेल, तर माणसाच्या पोटी माणूसच का येतो, आणि दर पिढीला तेच दोन डोळे, तेच बत्तीस दात आणि तोच पाठीचा कणा कोणाच्या आज्ञेने नव्याने उभा राहतो?

सटवाईवरची श्रद्धा ज्या घरांतून उडाली आहे त्या घरांतूनही लेखावरची श्रद्धा मात्र उडालेली नाही. लेखणी तेवढी देवीच्या हातून काढून जनुकांच्या हाती देण्यात आली आहे. मुलगा तापट निघाला, नातीला गणित जमले नाही, भावाभावांत एकाला दारूचे व्यसन लागले, की ‘जनुकांतच आहे, त्याला कोण काय करणार’ असे उद्गार निघतात, आणि ह्या उद्गारांमागे शास्त्राचा शिक्का आहे अशी समजूत असल्यामुळे ते जुन्या ललाटलेखापेक्षाही जड होऊन बसतात. म्हणून हा नवा लेख खरोखर लेख आहे काय, हे तपासून पाहणे धर्मविचार करणाऱ्याचे कर्तव्य ठरते; आणि ते मोघम तपासून भागत नाही, एखादे विशिष्ट जनुककुल समोर घेऊन ते काय करते आणि काय करीत नाही हे बारकाईने पाहावे लागते. हॉक्स नावाचे जनुककुल मी त्यासाठी निवडले आहे, कारण माशीपासून माणसापर्यंत ते फारसे न बदलता टिकून राहिले आहे, आणि जिच्या आधारे आपण श्वास घेतो, चालतो व हसतो त्या मज्जासंस्थेच्या घडणीत त्याचा वाटा फार मोठा आहे. ललाटलेख म्हणण्याजोगे काही देहात असेलच, तर ते येथे सापडले पाहिजे.

आपल्या दर्शनकारांनी हा प्रश्न कार्यकारणाच्या रूपाने मांडला होता. कार्य हे उत्पन्न होण्यापूर्वीच कारणात सूक्ष्मरूपाने असते, तिळात तेल असते म्हणूनच ते तिळातून निघते, असा सांख्यांचा सत्कार्यवाद. ईश्वरकृष्णाने आपल्या सांख्यकारिकेत त्याच्या समर्थनार्थ पाच हेतू दिले आहेत. उलटपक्षी, कार्य हे उत्पत्तीपूर्वी नसते, ते नव्याने आरंभ पावते, आणि त्याच्या उत्पत्तीला एक कारण पुरत नसून सगळी कारणसामग्री जुळून यावी लागते, असे नैयायिकांचे म्हणणे. युरोपातही हाच कलह गर्भाच्या संबंधात माजला होता. १६९४ साली हार्टसूकर ह्या डच पंडिताने पुरुषबीजाच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक चिमुकला मनुष्य चित्रात दाखविला, आणि गर्भाची वाढ म्हणजे त्या तयार मनुष्याचे फुगत जाणे होय अशी त्या पक्षाची धारणा होती. तर १७५९ साली कास्पार फ्रीडरिष वोल्फ ह्याने कोंबडीच्या अंड्यातील गर्भाचे निरीक्षण करून असे दाखविले की, अवयव आरंभी नसतातच, ते एकसारख्या दिसणाऱ्या द्रव्यातून क्रमाक्रमाने घडत जातात. वोल्फचा पक्ष निरीक्षणाने सिद्ध झाला खरा, पण त्याने एक कोडे मागे ठेवले: जे द्रव्य सर्वत्र सारखे, त्यातल्या एका भागाला ‘तू डोके हो’ आणि दुसऱ्याला ‘तू पोट हो’ असे सांगतो कोण?

ह्या कोड्याचा धागा विकृतींच्या अभ्यासातून हाती आला. विल्यम बेटसन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९४ साली प्राण्यांतील वैचित्र्याच्या नोंदी एकत्र करून एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात एका अवयवाच्या जागी दुसराच, पण स्वतःपुरता पुरता घडलेला अवयव उगवल्याची पुष्कळ उदाहरणे त्याने दिली होती. पुढे १९१५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, टॉमस हंट मॉर्गन ह्यांच्या प्रयोगशाळेत, कॅल्विन ब्रिजेस ह्यांना एक अशी फळमाशी आढळली की, तिच्या छातीच्या तिसऱ्या खंडावर जेथे उडताना तोल सांभाळणारे दोन गोळीवजा अवयव असावयाचे, तेथे पंखाचा अंश उगवू पाहत होता. ह्याच एका दोषाच्या मागे एडवर्ड लुइस ह्यांनी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे बसून आपली उमेदीची सारी वर्षे खर्ची घातली, दोन पंखांच्या माशीला चार पंख आणून दाखविले, आणि १९७८ साली एका निबंधात असे प्रतिपादन केले की, माशीच्या छातीपासून शेपटीपर्यंतच्या खंडांना आपापले स्वरूप देणारी जनुके गुणसूत्रावर ज्या क्रमाने मांडलेली आहेत, त्याच क्रमाने त्यांचा अंमल शरीरावर चालतो. डोक्याकडच्या जनुकाचा अंमल डोक्याकडे आणि शेपटीकडच्याचा शेपटीकडे, असा हा बंदोबस्त आहे. १९९५ सालच्या नोबेल पारितोषिकात लुइस ह्यांचा वाटा होता तो ह्याच कामाबद्दल.

तथापि हा बंदोबस्त केवळ माशीच्या घरचा असता, तर तत्त्वज्ञाने त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. खरा धक्का बसला तो १९८४ साली. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे वॉल्टर गेरिंग ह्यांच्या प्रयोगशाळेत, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेतील इंडियाना येथे, असे आढळून आले की माशीच्या ह्या जनुकांत १८० अक्षरांचा एक तुकडा जवळजवळ एकाच मजकुराचा आहे. त्याला होमिओबॉक्स असे नाव मिळाले. मग तोच तुकडा बेडकात सापडला, उंदरात सापडला, माणसात सापडला. माशीत ह्या कुलातली आठ जनुके तिसऱ्या गुणसूत्रावर दोन गटांत बसलेली आहेत. माणसात ती एकोणचाळीस असून चार निरनिराळ्या गुणसूत्रांवर चार ओळींत मांडलेली आहेत, आणि ह्या चारही ओळींत डोक्याकडून शेपटीकडे जाणारा तो प्राचीन क्रम शाबूत आहे. माशीचा आणि आपला समान पूर्वज पन्नास कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी समुद्रात वावरत होता. डोंगर झिजून त्यांची वाळू व्हावी आणि त्या वाळूचे पुन्हा डोंगर व्हावेत एवढ्या काळात हा मजकूर नकलेवर नक्कल होत आपल्यापर्यंत पोचला आहे.

आता ही जनुके मज्जासंस्थेत काय करतात ते जवळून पाहू. मानवी गर्भ चौथ्या आठवड्यात असताना, त्याच्या पाठीवरील मज्जानलिकेच्या वरच्या टोकाशी, जेथे पुढे मेंदूचा मागचा भाग आणि मस्तिष्कस्तंभ होणार, तेथे एकापुढे एक असे सात-आठ फुगीर खंड काही काळ दिसतात आणि मग मावळतात. हे खंड म्हणजे मज्जापेशींचे स्वतंत्र इलाखे आहेत, आणि प्रत्येक इलाख्यावर हॉक्स जनुकांच्या विशिष्ट जुळणीचा अंमल आहे. चौथ्या खंडात हॉक्स-बी-१ हे जनुक चालू असते. ह्या खंडात जन्मलेल्या मज्जापेशी आपला तंतू तेथूनच बाहेर काढतात आणि स्वतः मात्र मागच्या खंडांकडे सरकत जातात, त्यामुळे त्यांचा तंतू मस्तिष्कस्तंभाच्या आत एक वळसा घेऊन बाहेर पडतो; प्रौढ माणसाच्या मेंदूतही तो वळसा कायम असतो, आणि शरीरशास्त्राचा विद्यार्थी तो पाहतो तेव्हा गर्भावस्थेत त्या पेशींनी केलेल्या प्रवासाचा दाखलाच तो पाहत असतो. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी ही सातवी जोडी. चेहऱ्यावरील हावभावांचे सर्व स्नायू, म्हणजे पापणी मिटणे, भुवई उचलणे आणि ओठ पसरून हसणे, हिच्या स्वाधीन आहे. हॉक्स-बी-१ नसेल तर चौथ्या खंडाला दुसऱ्या खंडासारखे वळण लागते, त्या पेशी सरकत नाहीत, आणि चेहऱ्याचा तंतू नीट घडत नाही. उंदरांत हे १९९६ साली दिसून आले. आणि २०१२ साली असे प्रसिद्ध झाले की, ज्या काही माणसांना आईबाप दोघांकडूनही ह्या जनुकाची सदोष प्रत मिळाली होती, त्यांचे चेहरे जन्मापासून निश्चल होते, डोळे तिरळे होते आणि त्यांना कमी ऐकू येत होते.

तेथून खाली मानेत उतरावे. श्वास घेताना जे श्वासपटल खाली सरकते ते छाती आणि पोट ह्यांच्या सीमेवर असते, पण त्याला हलविणारा मज्जातंतू निघतो मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या मानेच्या पातळीवरून. कारण गर्भावस्थेत श्वासपटलाचा स्नायू मानेच्या पातळीवरच तयार होऊ लागतो आणि खाली उतरताना आपला तंतू बरोबर ओढून नेतो. ह्या तंतूच्या मूळ पेशींना त्यांचे स्वरूप देऊन ते टिकविण्याचे काम हॉक्स-५ गटातील जनुके करतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, उंदराच्या मज्जापेशींतून ही जनुके काढून टाकली असता, पिल्ले बाकी सर्व अंगांनी धड जन्मली आणि श्वास न घेता आल्यामुळे जन्मताच मेली. ज्याला आपण प्राण म्हणून देवघरात आणि तत्त्वग्रंथांत स्थान दिले, त्या श्वासाचे पहिले पाऊल एका प्राचीन जनुकजोडीच्या भरवशावर पडते, हे वाचून ज्याच्या मनात काही हलत नाही त्याने धर्मावर लिहू नये असे मला वाटते.

मग हाच तो लेख काय? येथपर्यंत वाचणाऱ्याला तसे वाटणे स्वाभाविक आहे. चेहरा हसेल की नाही, छाती भरेल की नाही, हे जर गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांतच चालू झालेल्या ह्या यंत्रणेवर अवलंबून असेल, तर सटवाई पाचव्या रात्री येत नसून पुष्कळ आधीच येऊन गेलेली असते, एवढाच फरक राहतो. परंतु ह्या अनुमानाच्या आड काही प्रयोग येतात, आणि त्यांचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. हॉक्स-बी-१ चे माशीतले समकुल जनुक लेबियल ह्या नावाने ओळखले जाते. ज्या माशीत लेबियल नाही ती भ्रूणावस्थेतच मरते; १९९६ साली अशा माशीत कोंबडीचे हॉक्स-बी-१ घालण्यात आले, आणि त्या परक्या जनुकाने ती उणीव भरून काढली. त्याच्या आदल्याच वर्षी गेरिंग ह्यांच्या प्रयोगशाळेने याहूनही विलक्षण गोष्ट दाखविली होती. होमिओबॉक्स धारण करणारे, पण हॉक्सच्या ओळीबाहेरचे, पॅक्स-६ नावाचे एक जनुक आहे. डोळ्याच्या घडणीचा प्रारंभ त्याच्यापासून होतो. उंदराचे पॅक्स-६ माशीच्या पायाच्या, पंखाच्या व शृंगिकेच्या होऊ घातलेल्या पेशींत चालू केले असता त्या ठिकाणी डोळे उगवले. आणि ते डोळे उंदराचे नव्हते. लालबुंद, शेकडो पैलूंचे, अस्सल माशीचे डोळे होते.

ह्या एका निष्कर्षावर सगळ्या वादाचा निकाल अवलंबून आहे. उंदराचा डोळा जर उंदराच्या जनुकात सूक्ष्मरूपाने दडलेला असता, तर तो माशीच्या अंगावर उंदराचा म्हणूनच उमलावयास पाहिजे होता. तो तसा उमलला नाही, ह्याचा अर्थ त्या जनुकात डोळा नव्हताच. ‘येथे डोळा करावा’ एवढा हुकूम होता. पेशवाईत पुण्याच्या दफ्तरातून लावणीसंबंधी एकाच मजकुराचा हुकूम कोकणात गेला काय आणि खानदेशात गेला काय, कमाविसदाराने आपल्या महालाची जमीन, तेथले पाणी आणि तेथली वहिवाट पाहूनच त्याची तामिली करावयाची असे. कोकणात त्यातून भात उभा राही, खानदेशात ज्वारी, आणि हुकमाचा कागद कितीही वेळा उलगडून पाहिला तरी त्यात ना भाताचा दाणा सापडला असता ना ज्वारीचा. हॉक्स जनुकांचा मजकूर तशा प्रकारचा आहे. तो पेशीला तिचे ठिकाण सांगतो. त्या ठिकाणी काय उभे करावयाचे हे, ती पेशी ज्या प्राण्याची, त्याच्या हजारो इतर जनुकांच्या, शेजारच्या पेशींच्या, गर्भाशयातील रसांच्या आणि लक्षावधी वर्षांच्या वहिवाटीच्या हाती राहते.

म्हणून ह्या बाबतीत सत्कार्यवादाचा पक्ष जसाच्या तसा टिकत नाही असे म्हणणे प्राप्त होते, आणि नैयायिकांनी ज्या सामग्रीवर भर दिला तिचे महत्त्व पुन्हा एकदा पटते. सामग्रीतले एक अंग बिघडले तर कार्य बिघडते हे खरे. परंतु एका अंगावाचून कार्य होत नाही म्हणून ते एकच अंग कार्याचे संपूर्ण कारण होय, असे म्हणणे हा तर्कदोष आहे, आणि ‘जनुकांतच आहे’ ह्या उद्गारात नेमका हाच दोष दडलेला आहे. शिवाय ही सामग्री बंद दरवाजाआड नसते. ‘अ’ जीवनसत्त्वापासून तयार होणारे रेटिनॉइक आम्ल गर्भाच्या मागच्या बाजूकडून पसरत येते आणि त्याच्या कमीअधिक प्रमाणावरून कोणते हॉक्स जनुक कोठपर्यंत चालू व्हावे ह्याची हद्द पडते. म्हणूनच मुरुमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे त्याच जातीचे औषध गरोदरपणात पोटात गेले, तर निर्दोष जनुकांच्या गर्भाचेही कान, चेहरा व मेंदू बिघडू शकतात. मेंदूच्या अगदी पुढच्या भागात, जेथे आपण योजना आखतो आणि बरेवाईट निवडतो, तेथे तर हॉक्स जनुकांचा अंमल पोचतच नाही. तेथे ओटीएक्स नावाच्या दुसऱ्या कुलाची व्यवस्था आहे, आणि तीही पाया घालून देते, विचार लिहून देत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: आश्रय, कर्ता, साधने, नाना प्रकारचे व्यापार, आणि शेवटी दैव. दैवाचा तेथे इन्कार नाही, पण ते पाचांतले एक आहे, आणि पाचवे आहे. ज्या १९१५ साली ब्रिजेस ह्यांना ती विचित्र माशी सापडली, त्याच साली लोकमान्यांचा गीतारहस्य हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील दहावे प्रकरण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य ह्यांचा मेळ कसा घालावा ह्याच विवंचनेला वाहिलेले आहे. कर्माचा नियम मान्य करूनही मनुष्याच्या प्रयत्नाची जागा राखण्याची जी धडपड तेथे आहे, ती ह्या नव्या दैवापुढेही तितकीच जरूर आहे.

येथे दुसरा एक मोह आवरला पाहिजे. माशी, बेडूक आणि मनुष्य ह्यांच्यात एकच मजकूर वाहतो हे ऐकताच, ‘आमच्या ऋषींनी हे पूर्वीच सांगून ठेवले होते’ असा जयघोष करण्याची आपली सवय आहे. ही सवय शास्त्राचाही अपमान करते आणि ऋषींचाही. वेदान्तातले अद्वैत हे देहांच्या द्रव्यासंबंधीचे विधान नव्हे. पाहणाऱ्याच्या स्वरूपासंबंधीचे ते विधान आहे, आणि प्राण्यांची जनुके अगदी भिन्न निघाली असती तरी शंकराचार्यांच्या सिद्धान्ताला त्यामुळे रेसभरही बाध आला नसता. जे विधान एखाद्या शोधाने खोटे ठरू शकत नाही, ते त्याच शोधाने खरे ठरले असे म्हणता येत नाही. जनुकांनी जे सिद्ध केले ते वेगळे, अधिक मर्यादित, आणि माझ्या मते आचरणाच्या दृष्टीने अधिक निकडीचे आहे: भेद खरा आहे आणि नातेही खरे आहे. माशीचा डोळा माशीचाच आहे, उंदराचा उंदराचाच. त्यांच्यातला भेद हा कोणाचा भ्रम नव्हे. पण ज्या हुकमाने ते उभे राहिले तो एकाच पूर्वजाकडून दोघांकडे आलेला आहे. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात अज्ञानाच्या खंडनासाठी एक अखंड प्रकरण खर्चून जगाच्या नानात्वाला चैतन्याचा विलास म्हणून मान दिला. त्या वृत्तीला प्रयोगशाळेचा पुरावा नको आहे, पण प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्याने त्या वृत्तीने जगाकडे पाहिले तर त्याचे काही चुकणार नाही.

हा मजकूर इतका काळ टिकला तो कशामुळे, हाही विचार करण्यासारखा भाग आहे. कोणी त्याचे रक्षण केले नाही. नकला करताना चुका नेहमीच होतात. ह्या मजकुरातही पन्नास कोटी वर्षे चुका होतच आल्या. परंतु जेथे चूक गंभीर, तेथे पिल्लू पहिल्या श्वासालाच मेले, आणि ती चूक पुढच्या पिढीपर्यंत पोचली नाही. आपल्या मज्जारज्जूत आज जो क्रम सुरळीत आहे, त्याच्यामागे न जगलेल्या जिवांची अशी अगणित संख्या उभी आहे. पितृऋण ह्या कल्पनेचा विस्तार मला येथे करावासा वाटतो. तर्पणात आपण ज्यांची नावे घेतो ते तीन पिढ्यांचे पूर्वज. पण ज्यांना नाव नव्हते, माणसाचा देहही नव्हता, आणि ज्यांच्या मरणाने आपला श्वास बिनचूक झाला, त्यांचेही काही देणे आपल्याकडे निघते. हे देणे पिंडाने फिटणारे नाही. जो जीव चुकीचा भार घेऊन आज आपल्यात जन्माला येतो, त्याच्याशी आपण कसे वागतो, ह्यानेच ते फिटेल तर फिटेल.

आणि तेथेच आपली वागणूक फार वाईट आहे. निश्चल चेहऱ्याचे मूल निरनिराळ्या कारणांनी जन्मते. हॉक्स-बी-१ मधील दोष हे त्यांतले एक विरळ कारण आहे. कारण कोणतेही असो, असे मूल आपल्याकडे जन्मले की पहिली फिर्याद आईवर गुदरते. तिने ग्रहण पाळले नाही, ग्रहणात विळीला हात लावला, सातव्या महिन्यात तिन्हीसांजेला विहिरीवर गेली. आणि ह्यांतले काहीच लागू पडले नाही तर मागच्या जन्मीचे भोग आहेतच. मूल आनंदले तरी चेहरा हलत नाही, म्हणून त्याला माठ समजतात. बोलताना ओठ मिटत नाहीत, म्हणून वर्गात मागे बसवितात. आणि त्याची बुद्धी शाबूत असूनही हळूहळू त्याच्यावर खरोखरच एक लेख लिहिला जातो, जो ना सटवाईने लिहिला ना जनुकांनी, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. कर्मविपाकाचा सिद्धान्त माणसाला स्वतःच्या कृत्यांची जबाबदारी कळावी म्हणून निर्माण झाला. तो दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्यासाठी वापरणे हा त्या सिद्धान्ताचा दुरुपयोग आहे, आणि मी त्याला अधर्म म्हणतो.

ह्या लेखाचे खंडन करणारी एक शस्त्रक्रिया आज जगात अनेक ठिकाणी, आणि आपल्या देशातही, केली जाते. मांडीच्या आतल्या बाजूच्या एका स्नायूचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह व तंतूसह काढून गालात बसवितात, आणि चेहऱ्याचा सातवा तंतू मुळातच घडलेला नसल्यामुळे त्या तुकड्याचा तंतू चावण्याच्या स्नायूकडे जाणाऱ्या पाचव्या तंतूच्या शाखेशी सांधतात. काही महिन्यांनी तो सांधा जिवंत होतो. आरंभी मुलाला हसावयाचे असेल तर दात घट्ट आवळावे लागतात, तेव्हा ओठाचा कोपरा वर जातो. आरशासमोर बसून त्याचा रोज अभ्यास करावा लागतो. पण पुष्कळ मुलांच्या बाबतीत, सरावाने, दात न आवळता हसता येऊ लागते. गर्भाच्या दुसऱ्या खंडातून निघालेला, केवळ चावण्यासाठी नेमलेला तंतू चौथ्या खंडाचे काम शिकतो. आणि त्याला ते शिकविणारे कोण, तर शल्यवैद्याचा हात, आईचा धीर, आणि त्या मुलाची हसण्याची इच्छा. हॉक्स जनुकांनी ज्या हद्दी आखल्या त्या ओलांडण्याची मुभा त्याच मज्जासंस्थेत ठेवलेली आहे, ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या कोणत्याही ग्रंथातील युक्तिवादापेक्षा मला अधिक निर्णायक वाटते.

जे शस्त्राने साधते त्याहून अधिक कित्येकदा आधीच्या तजविजीने साधते. पाठीच्या कण्याशी मज्जानलिका उघडी राहिलेले मूल ज्या स्त्रीला एकदा झाले, तिने पुढच्या खेपेस गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतले तर तोच दोष पुन्हा येण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी कमी होतो, असे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेल्या चाचणीत १९९१ साली सिद्ध झाले. पूर्वी ज्याला विधिलिखित म्हणून घरोघरी डोळे पुसले गेले, त्यातले कितीतरी एका स्वस्त गोळीच्या अभावाचे फळ होते.

तेव्हा विधिलिखितासंबंधी माझी श्रद्धा कोणती, असे कोणी विचारील तर माझे उत्तर हे: हुकूम आपल्या आधीचा आहे, तो अतिप्राचीन आहे, आणि त्याच्यापुढे नम्र होणे योग्य आहे, कारण आपण एकट्याने स्वतःला घडविलेले नाही. पण हुकमात आयुष्य लिहिलेले नसते. त्याची तामिली गर्भात, पाळण्यात, शाळेत आणि समाजात होत असते, आणि तेथे आपण सगळे, आईबाप, वैद्य, शिक्षक आणि शेजारी, अंमलदार म्हणून हजर असतो. तामिली बिघडली असता दप्तराकडे बोट दाखवून मोकळे होण्याचा अधिकार अंमलदाराला नाही. गरोदर बाईच्या ताटात काय पडते, तिच्या हाती कोणते औषध जाते, आणि निश्चल चेहऱ्याच्या मुलाला वर्गात कोणत्या बाकावर जागा मिळते, ह्या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही गुणसूत्रावर नाहीत. ती आपल्याला द्यावयाची आहेत, आणि ती देण्याचे टाळण्यासाठी जो कोणी दैवाचे नाव घेतो, मग ते दैव जुने असो वा नवे, तो धर्माच्या नावावर आपले कर्तव्य चुकवीत असतो.